फडकं आणि फडकणं

देशासाठी प्राण द्यायची तुमची तयारी आहे का, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. देशानं माझ्याकडून एवढंच मागितलं, की दहाच्या ठोक्याला काउंटरवर बसावं, नोटा मोजाव्यात आणि संध्याकाळी कॅश टॅली करावी. ज्या दिवशी ती टॅली होत नाही त्या दिवशी प्राण कंठाशी येतात खरे, पण त्याला हौतात्म्य म्हणत नाहीत. त्याला 'शॉर्टेज' म्हणतात आणि ते खिशातून भरावं लागतं. असा मी चाळिशी ओलांडलेला, बी. कॉम. झालेला, नाशिकरोडच्या जेलरोडवर तीन खोल्यांत संसार मांडून बसलेला बँकेतला कारकून. राष्ट्रध्वजासारख्या थोर विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल.

माझा अधिकार गुन्हेगाराचा आहे. मी राष्ट्रध्वजानं स्कूटरची सीट पुसली आहे.

थांबा, पोलिसांना बोलावण्याआधी सगळं ऐकून घ्या.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली आणि १३ ते १५ ऑगस्ट या तीन दिवसांत घरोघरी तिरंगा लावावा, असं सरकारनं ठरवलं. पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळत होता. २५ रुपयांत हल्ली एक धड वडापावसुद्धा येत नाही, तिथं देशभक्ती येते म्हटल्यावर मी ताबडतोब गेलो आणि एक झेंडा घेऊन आलो. आता प्रश्न आला काठीचा. झेंडा पोस्टात मिळतो, काठी मिळत नाही. घरात काठी एकच, जळमटं काढायचा बांबू. मी त्याचं झाडणीचं टोक काढून झेंडा बांधायला घेतला, तेवढ्यात आमची ही म्हणाली, "अहो, त्या काठीला झेंडा? कालच मी बाथरूममधली कोळिष्टकं काढलीत त्यानं."

"मग धुऊन घेतो."

"आणि दिवाळीला जळमटं कशानं काढायची?"

दिवाळीचा प्रश्न दिवाळीला सोडवू, असं सांगून मी बांबू धुतला, गॅलरीच्या ग्रिलला सुतळीनं बांधला आणि मागे सरकून अभिमानानं बघत उभा राहिलो. खालून वरच्या मजल्यावरच्या अप्पांची हाक आली, "अहो कॅशियर, भगवा वर असतो!"

अप्पा हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. प्रेस म्हटलं की इतर गावांत वर्तमानपत्र किंवा इस्त्री डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटांची आणि तिकिटांची. अप्पांचे वडीलही तिथंच होते. त्यामुळे देशाचं चलन आणि टपाल ही आपल्या घरचीच कार्यं आहेत, अशा थाटात अप्पा बोलतात. झेंडा सुलटा झाल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं, किंमत साडेतीन आणे, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद', आणि ते छापलं कुठं? तर आमच्या इथं, नाशिकरोडला! "म्हणजे कॅशियर, स्वतंत्र देशाचा पहिला छापील झेंडा आपल्या गावातून बाहेर पडला. आणि तुम्ही तो उलटा लावता!"

मी मान खाली घातली. पण अप्पा गेल्यावर मनात एक पाखंडी विचार आला. ते तिकीट परदेशी टपालासाठी होतं. म्हणजे नाशिकरोडला छापलेला तो झेंडा कुणीतरी मागून जिभेनं ओला केला असणार, पाकिटावर बुक्की मारून चिकटवला असणार आणि पोस्टात त्याच्या तोंडावर काळा ठप्पा बसला असणार. त्या ठप्प्याबद्दल झेंड्याचा अपमान झाला म्हणून कुणी ठपका ठेवल्याचं ऐकिवात नाही. कारण ठप्पा बसणं हेच तिकिटाचं सार्थक. मग आदर नक्की कशाचा करायचा? हा विचार मी तेव्हा जिन्यातच सोडला आणि घरात आलो. जिन्यात सोडलेले विचार पुढे अडचणीच्या वेळी घर शोधत वर येतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पंधरा ऑगस्ट झाला. सोळाला झेंडा काढायचा, असं मी ठरवलं होतं. पण जुलै २०२२ मध्येच सरकारनं नियम बदलून घरावरचा झेंडा रात्रंदिवस फडकवायला परवानगी दिली होती. पूर्वी सूर्यास्ताला उतरवावा लागे. माझ्यासारख्या आळशी माणसाला अशी सवलत मिळाली की ती तो पुरेपूर उपभोगतो. सतरा गेली, वीस गेली. झेंडा राहिला आणि पाऊसही राहिला. सप्टेंबर उजाडेपर्यंत भगवा फिका झाला, हिरव्याची कड उसवली आणि सुतळी कुजली. गणपती आले, गौरी आल्या, गौरी गेल्या. आणि गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी धावतपळत पार्किंगमध्ये उतरलो.

रात्रभर पाऊस झाला होता. स्कूटरची सीट ओली, चिखलाचे शिंतोडे उडालेले आणि घड्याळात पावणेदहा. समोर हँडलला एक ओलं फडकं लटकत होतं. स्कूटर पुसायचं फडकं आम्ही हँडललाच लावून ठेवतो. मी ते ओढलं, सीट पुसली, आरसे पुसले, नंबरप्लेटसुद्धा पुसली. इतकी स्वच्छ मी ती दसऱ्यालाही करत नाही. मग फडकं पिळलं आणि पिळताना त्याच्या घडीतून निळ्या आऱ्या बाहेर आल्या.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

वाचकहो, हा काटा या लेखाचा विषय आहे. रात्री वाऱ्यानं झेंडा सुटला, खाली पडला, आणि कुणी सज्जनानं उचलून हँडलला अडकवला, एवढंच झालं होतं. मी पुसली ती स्कूटर, वापरलं ते २५ रुपयांचं पॉलिएस्टर. कापडाच्या व्यवहाराच्या दृष्टीनं काही बिघडलं नव्हतं. फडकं म्हणून ते कापूस नसल्यामुळे पाणीसुद्धा नीट टिपत नव्हतं. मग काटा का यावा? आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. मान वळवून पाहतो तो मागे वॉचमनकाका उभे.

काका नंदुरबारकडचे. बोलणं अहिराणीच्या अंगानं जाणारं आणि तेही फार थोडं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पुढे आले, माझ्या हातातून ते पिळलेलं भेंडोळं घेतलं आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, हाऊ तं झेंडा शे ना."

मग नळाखाली धरून त्यांनी तो चिखल धुतला. साबण लावला नाही की घासलंही नाही, लहान मुलाचं तोंड धुवावं तसा धुतला. मी बँकेत दहा मिनिटं उशिरा पोचलो आणि त्या दिवशी आयुष्यात प्रथमच उशीर झाल्याचं खरं कारण साहेबांना सांगितलं नाही. एरवीही सांगत नाही, पण एरवी ते सांगण्यासारखं असतं.

संध्याकाळी घरी आलो तर झेंडा आमच्याकडे परत आलेला. आता तो वाळत कुठं घालायचा? दोरीवर माझे दोन बनियन, एक उशीचा अभ्रा आणि चिरंजीवांची जीन्स. ही म्हणाली, "त्यांच्यात नको हो." मी म्हणालो, "का नको?" ती म्हणाली, "मला नाही सांगता येत. पण नको." शेवटी ती एक धुतलेली खुर्ची गणपतीसमोर ठेवून तिच्या पाठीवर तो पसरून आली. आमच्या हिला ध्वजसंहितेतलं एक अक्षर ठाऊक नाही, पण बनियनची आणि तिरंग्याची पंगत एक होऊ नये, हे तिला उपजत कळतं.

चिरंजीव तेव्हा अकरावीत होते. अकरावीतल्या मुलाला जगातल्या सगळ्या गोष्टी कळलेल्या असतात, फक्त अकाउंट्सच कळायचं राहिलेलं असतं. तो म्हणाला, "बाबा, एवढं काय त्यात? शेवटी कापडच आहे ना! पंधरा ऑगस्टला द्वारकेच्या सिग्नलला एक पोरगं झेंडे विकत होतं. त्याच्या पायात चप्पल नव्हती. गाड्यांतले लोक काच खाली करून त्याच्याशी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर घासाघीस करत होते. आणि घेतलेला झेंडा मात्र गाडीत अगदी जपून ठेवत होते. त्या पोरापेक्षा कापडाला जास्त मान, हे तुम्हांला पटतं?"

वडील झाल्यावर माणसाला हा धोका असतो. मुलं कधीकधी बरोबर बोलतात. मी "अभ्यास कर" म्हणालो. ते उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

कारण माझं स्वतःचं मत फारसं वेगळं नव्हतं. सक्तीचा आदर मला कधी मानवलेला नाही. शाळेत एका सव्वीस जानेवारीला झेंड्याची गाठच सुटेना. गुरुजी दोरी ओढताहेत, झेंडा पुरचुंडी होऊन वर अडकलेला आणि खाली आम्ही चारशे पोरं कपाळाला हात लावून उभी. पाच मिनिटांनी हात भरून आला आणि मी तो खाली घेतला, तर मागून टपली बसली. गाठ गुरुजींची, टपली मला. देशभक्तीचा माझा पहिला हिशेब असा तोट्यात सुरू झाला. सिनेमागृहांत राष्ट्रगीत सक्तीचं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २०१६ मध्ये आला आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयानंच तो सैल करून ते ऐच्छिक केलं. त्या काळात मी एका हातात पॉपकॉर्न आणि दुसऱ्या हातात समोसा घेऊन ताठ उभा राहिलो आहे. आदर मनात होता, पण निम्मं लक्ष समोशातून गळणाऱ्या चटणीकडे होतं. सक्तीचा आदर हा सक्तीच्या विम्यासारखा असतो. हप्ता बिनचूक कापला जातो, पॉलिसी मात्र कुणी वाचत नाही.

तेव्हा मी ठरवलं, की निदान पॉलिसी तरी वाचू. त्या रात्री चिरंजीवांच्या मोबाइलवर ध्वजसंहिता उघडली.

कारकुनाला नियम वाचताना एक वेगळंच सुख होतं. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं हा ध्वज स्वीकारला. पण सामान्य माणसाला तो घरावर वर्षभर, कुठल्याही दिवशी लावायची मुभा मिळाली २६ जानेवारी २००२ पासून, नव्या संहितेनं. त्याआधी ठरावीक दिवस सोडले तर झेंडा सरकारी इमारतींचा. नवीन जिंदल या उद्योगपतींनी आपल्या रायगढच्या कारखान्यावर तो लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २३ जानेवारी २००४ ला न्यायालयानं सांगितलं, की सन्मानानं झेंडा फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. हे वाचून मी चकित झालो. म्हणजे झेंडा लावणं हे कायद्याच्या लेखी बोलणं आहे! मग महिनाभर गॅलरीत तो फाटका ठेवून मी काय बोललो असेन?

पुढे वाचलं. झेंडा कमरेखालच्या कपड्यावर वापरायचा नाही. जमिनीला लागू द्यायचा नाही. फाटका, विटका लावायचा नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन. कापड पूर्वी हातसुताचंच हवं होतं, ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं पॉलिएस्टरही चालू लागलं. आणि शेवटी माझ्या कामाचं कलम : झेंडा खराब झाला तर तो संपूर्णपणे, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा त्याच्या प्रतिष्ठेला साजेशा दुसऱ्या रीतीनं नष्ट करावा.

दुसऱ्या दिवशी मी हे अप्पांना दाखवलं. म्हटलं, "गच्चीवर जाळू."

अप्पा दचकले. "गच्चीवर? अहो, १९७१ चा कायदा माहितेय? सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना दिसेल अशा ठिकाणी झेंडा जाळला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास!"

"पण इथं जाळा म्हणून लिहिलंय."

"खाजगीत लिहिलंय. सोसायटीची गच्ची खाजगी कशी? ती कॉमन प्रॉपर्टी. शिवाय शेजारच्या बिल्डिंगच्या चार स्वयंपाकघरांतून दिसते. एकीनं मोबाइलवर फोटो काढला की संपलं. 'जेलरोड'चा पत्ता तुमच्या आधार कार्डावर आहेच, तो खरा होईल."

तीच काडी, तोच झेंडा, तीच ज्वाळा. चार भिंतींत आदर आणि चौकात तीन वर्षं. कायद्यानं शेवटी कापडाकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते जाळणाऱ्याच्या मनाकडे. हे माझ्या लक्षात आलं आणि दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या बाकीचं लक्षात आलं.

झालं असं, की एक आजी फाटकी नोट घेऊन आल्या. पाचशेची, उंदरानं कुरतडलेली. आम्हां बँकवाल्यांचा नियम असा : ८० टक्क्यांहून जास्त नोट शिल्लक असली तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असली तर निम्मे. आजींच्या नशिबानं उंदराला भूक कमी होती. मी नोट उलटी केली आणि मोजायची पट्टी तशीच हातात राहिली. पाचशेच्या नोटेच्या मागे लाल किल्ला आहे आणि किल्ल्यावर झेंडा.

वीसएक वर्षं मी नोटा मोजतो आहे, त्यांतली शेवटची काही हीच नोट. लोक झेंडा कमरेखाली नेसत नाहीत, पण तीच नोट पँटच्या मागच्या खिशात ठेवून दिवसभर तिच्यावर बसतात. अंगठ्याला थुंकी लावून मोजतात. तिच्यावर हिशेब लिहितात, हळदीच्या हातानं घडी घालतात, कमरेला खोचतात. कुणाचा अपमान होत नाही. कारण नोट वापरण्यासाठीच असते, तिकिटासारखी. पण नोट म्हणजे तरी काय? कागद. आमच्याच नाशिकरोडला छापलेला. त्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सही करून धारकाला एवढे रुपये देण्याचं वचन देतात. ते वचन आहे म्हणून तो पैसा.

आणि वचन गेलं की काय होतं, तेही मी काउंटरच्या आतून पाहिलंय. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. कागद तोच, शाई तीच, महात्मा गांधी तेच. रात्री आठ वाजता पैसा होता तो बाराला कागद झाला. पुढचे पन्नास दिवस रांगेत उभी राहिलेली माणसं, पदराच्या गाठीतून निघणाऱ्या जपलेल्या नोटा आणि त्या घेताना थरथरणारे हात मी पाहिले. वचनाची किंमत काय असते, हे बी. कॉम.च्या तीन वर्षांत मला कुणी शिकवलं नाही. त्या पन्नास दिवसांनी शिकवलं.

झेंडा ही मला त्या दुपारी अशीच एक प्रॉमिसरी नोट वाटली. फरक एवढाच, की तिच्यावर गव्हर्नरांची सही नाही. सही आपल्या सगळ्यांची आहे. देणारेही आपण, घेणारेही आपण. द्वारकेच्या सिग्नलवरचं ते अनवाणी पोरगं नुसता झेंडे विकणारा नव्हता. तो त्या नोटेचा धारक होता. त्याला अजून पैसे अदा झालेले नाहीत, एवढंच. तेव्हा चिरंजीवांचा प्रश्न बरोबर आणि निष्कर्ष चूक. बँकेनं एखाद्या धारकाला पैसे दिले नाहीत म्हणून आपण नोट फाडत नाही. नोट दाखवून पैसे मागतो. नुसता नोटेला नमस्कार करून धारकाला हाकलणं मात्र दिवाळखोरी. त्या धंद्यात आपण सगळेच थोडेथोडे भागीदार आहोत. लोक गाडीच्या डॅशबोर्डवर झेंडा लावतात आणि सिग्नल तोडतात. मी गॅलरीत लावला आणि महिनाभर विसरलो.

हे सगळं मी रात्री घरी मोठ्या आवेशात सांगितलं. चिरंजीव म्हणाले, "हे ठीक आहे. पण मग त्या जुन्या झेंड्याचं काय करायचं?" व्यासपीठावरच्या वक्त्याला घरात नेहमी असाच प्रश्न येतो.

उत्तर वॉचमनकाकांनी दिलं. मी त्यांना विचारायला खाली गेलो तेव्हा ते पंपाच्या खोलीशेजारी बसले होते. ते म्हणाले, "शुक्रवारी करूत, भाऊ. नऊ तारीख शे." नऊ सप्टेंबरचं काय, विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काउंटरवर अंगठा कुठं लावू विचारणाऱ्याकडे पाहतो. मग सांगू लागले. ९ सप्टेंबर १९४२, 'चले जाव'चे दिवस. नंदुरबारला पोरांची मिरवणूक निघाली. पुढे शिरीषकुमार मेहता, वय वर्षं पंधरा, हातात झेंडा. पोलिसांनी गोळ्या घातल्या. शिरीषकुमार गेला, त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. काका लहानपणी शाळेतून दरवर्षी त्या स्मारकाला फुलं वाहायला जायचे. "पंधरा वरीसना पोऱ्या," ते म्हणाले आणि गप्प झाले.

मी चिरंजीवांकडे पाहिलं. ते सोळाचे होते.

शिरीषकुमारच्या हातातल्या झेंड्याबद्दल मी नंतर विचार करत राहिलो. त्या वेळच्या तिरंग्यावर चक्र नव्हतं, चरखा होता. त्याला संहिता नव्हती, तीनास दोनचं प्रमाण कुणी मोजत नव्हतं. कायदा होता तो झेंड्याच्या बाजूनं नाही, विरुद्ध. १९२३ साली नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे चालत गेलं तर अटक होत होती आणि लोक तरीही महिनोन्‌महिने चालत होते. म्हणजे ज्या काळी त्या कापडामागे ना सरकार होतं ना पोलीस, त्या काळी त्याची किंमत सगळ्यांत जास्त होती. त्यांच्याकडून कुणी आदर सक्तीनं वसूल केला नव्हता. उलट आदर दाखवल्याबद्दल वसुली झाली होती. माझ्या अंगावर पार्किंगमध्ये आलेला काटा हा बहुतेक त्या जुन्या खात्यावरचा व्याजाचा हप्ता असावा. मुद्दल दुसऱ्यांनी भरलेलं, व्याज आपण खातो आणि पासबुकही उघडून पाहत नाही.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही चौघे पंपाच्या खोलीमागे जमलो. काका, अप्पा, मी आणि न उठवता उठून आलेले चिरंजीव. तिथं तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला पाण्याची टाकी. ही जागा 'खाजगी' असल्याचा निर्वाळा सेक्रेटरी या नात्यानं अप्पांनी दिला. काकांनी लोखंडी घमेलं आणलं होतं. हिनं झेंडा इस्त्री करून दिला होता. जाळायच्या कपड्याला इस्त्री कशाला, असं मी म्हणणार होतो, पण त्या आठवड्यात मी बरंच शिकलो होतो.

सांगायला हवं, की पॉलिएस्टर चांगलं जळत नाही. खादी असती तर गंभीर ज्योत उठली असती आणि राख झाली असती. हे आधी आक्रसलं, मग वितळलं, मग असा काही काळा उग्र धूर निघाला, की अप्पांना खोकल्याची उबळ आली आणि पहिल्या मजल्यावरून कुणाच्या तरी घरातून "वायर जळतेय का हो?" अशी हाक आली. अप्पांनी खोकतखोकतच "पंप! पंप तपासतोय!" असं उत्तर दिलं. प्रेसमध्ये हयात गेलेला माणूस. गुप्तता अंगात मुरलेली. सुतळीचा तुकडा तेवढा निर्मळ जळला.

चिरंजीव एक शब्द बोलले नाहीत. कानांतली ती वायर त्यांनी काढून खिशात ठेवली होती. त्यांच्या बाबतीत हे राष्ट्रीय सन्मानाच्या तोडीचं आहे.

घमेल्यात सुपारीएवढा काळा गोळा उरला. काकांनी तो जास्वंदीच्या बुंध्याशी खड्डा करून पुरला आणि वर माती लोटली. कुणी भाषण केलं नाही. अप्पांनी एकदा हात जोडले आणि मग, जोडावेत की सलाम करावा या संभ्रमात, ते तसेच अर्धवट ठेवले.

त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. संध्याकाळी गणपती पोचवून येताना रिकाम्या पाटावर चिमूटभर माती घेऊन परतलो. वाटेत चिरंजीव एकदम म्हणाले, "बाबा, मूर्तीलाही आपण आधी माती म्हणतो, मग देव म्हणतो आणि परत माती म्हणतो. मधल्या दहा दिवसांत मात्र कुणी माती म्हटलं तर चालत नाही." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "पण ते दहा दिवस आपण नीट वागायचं असतं. नैवेद्य दाखवायचा आणि दारी आलेल्यालाही द्यायचा." मी परत "हो" म्हटलं. अकरावीतला मुलगा काहीतरी कबूल करत असताना वडिलांनी एकाक्षरी बोलावं, हे मी एव्हाना शिकलो होतो.

पुढच्या ऑगस्टला आम्ही पुन्हा झेंडा लावला. या खेपेला सुती, आणि सोळाला सकाळी उतरवून घडी करून कपाटात ठेवला. जळमटांचा बांबू जळमटांकडे परत गेला आहे. झेंड्याला वेगळी काठी आणली, ती पंचेचाळीस रुपयांना पडली. म्हणजे काठीच झेंड्यापेक्षा महाग होती, पण आधाराला खर्च जास्त येतोच. द्वारकेच्या सिग्नलला चिरंजीव आता घासाघीस करत नाहीत. मागितले तेवढे देतात, आणि पैसे माझे असल्यामुळे वर थोडे जास्तही देतात.

माझ्यात म्हणाल तर एकच फरक पडला. त्या दिवसापासून मी पाचशेची नोट पँटच्या मागच्या खिशात ठेवत नाही, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. तशी महिन्याच्या वीस तारखेनंतर ती कुठल्याच खिशात नसते, हा भाग वेगळा.